बाबांची पुडी

"स्टेरॉईड कधीपासून घेतोयस?" डॉक्टरांनी विचारलं.

मला हसू आलं. मान उचलायची ताकद नव्हती, तरी आलं. स्टेरॉईड म्हटलं की मला जिममधली पोरं आठवतात, ज्यांचे दंड माझ्या मांडीएवढे असतात. मी आयुष्यात एकदाच जिममध्ये गेलोय, तेही मित्र तिथला पंखा दुरुस्त करत होता म्हणून, शिडी धरायला.

"नाही हो डॉक्टर," मी म्हटलं. "मी साधा माणूस."

डॉक्टरांनी आईकडे बघितलं. "काही औषध चालू आहे का याला? कसलंही?"

"औषाद कसला?" आई म्हणाली. "माजा पोर ठणठणीत हाय. वर्सभर दवाखान्याची पायरी चढला नाय. उलट अंगानं भरलाय."

तेव्हा मी रत्नागिरीतल्या हॉस्पिटलच्या खाटेवर आडवा होतो. ब्लड प्रेशरचा वरचा आकडा ऐंशीच्या आत, साखर खाली, रक्तातलं सोडियम खाली. सोडियम म्हणजे अंगातलं मीठ. समुद्राच्या काठचा माणूस आणि अंगात मीठ कमी, याच्यावर नंतर मी बरेच विनोद केले. त्या दिवशी सुचला नाही.

डॉक्टरांनी माझा शर्ट वर केला. पोटावर जांभळे पट्टे होते, करवंदाचा रस सांडल्यासारखे. ते बघून त्यांनी सिस्टरना इंजेक्शन भरायला सांगितलं आणि आईला म्हणाले, "अ‍ॅड्रिनल क्रायसिस वाटतोय. आपल्या दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल नावाचं रसायन बनवतात. ताप आला, मार लागला की ते शरीराला सावरून धरतं. याच्या ग्रंथींनी काम बंद केलंय. आणि त्या उगाच बंद पडत नाहीत. बाहेरून कोणीतरी त्यांची जागा घेतली असणार. म्हणून विचारतोय, हा काय घेत होता?"

"काय नाय घेत," आई म्हणाली. देवाशपथ सुद्धा घेतलीन.

ती खोटं बोलत नव्हती. मीही नाही. हे सगळं लिहितोय ते त्यासाठीच. तुम्हाला कधी कोणी विचारलं "काही औषध चालू आहे का", तर उत्तर देण्याआधी थोडं थांबा.

*

माझं नाव सुशांत. गावात सुश्या. गाव रत्नागिरीपासून आत, लांज्याच्या अंगाला. मी रिक्षातून जाहिराती करतो. भोंगा बांधलेली रिक्षा जाते ना, "भव्य सेल, शेवटचे दोन दिवस" करत, त्यातला आवाज माझा. गावाच्या नमनात, म्हणजे शिमग्याच्या खेळात, मी मावशी होतो. लुगडं नेसून, कमरेवर हात ठेवून गवळणींच्या पुढे. कुणाचीही नक्कल करतो. सरपंच, कंडक्टर, शाळेतले बाई-गुरुजी, पावसचा बागवाला जो आंब्याशी लाडानं बोलतो आणि बायकोशी ओरडून.

पण पहिली नक्कल बाबांची शिकलो. बाबा मुंबईत. मी पोटात होतो तेव्हापासून. गावकीची खोली आहे तिथे, आमच्या गावचे सात-आठ जण एकत्र राहतात. बाबा वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. बाकीचे महिने बाबा म्हणजे फोनमधला आवाज. तोच मी उचलला. जेवताना आई गप्प गप्प दिसली की मी बाबांच्या आवाजात खाकरायचो, "काय गो, कालवणात मीठ घातलंस की जयगडची खाडी?" आई खो खो हसायची. मग जरा वेळानं गॅसकडे तोंड करून उभी राहायची. उकळत काही नसायचं.

मला लहानपणापासून दमा. मोहोर धरला की शिंका, शिंकांमागून धाप. डॉक्टरांनी तोंडात मारायचा पंप दिला होता. पण आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे की पंपाची सवय लागते. कोणी सांगितलं? सगळ्यांनी. मीही लाजायचो. मावशी नमनात पंप मारतेय, बरं दिसेल का ते? पंप गेला कपाटात, गणपतीच्या मखराच्या थर्माकोलमागे.

मग दोन वर्षांमागे बाबांचा फोन आला. "सुशा, खोलीतल्या बाळाकाकाचा गुडगा पंधरा दिवसात सुटला. एक माणूस बसतो स्टेशनाजवळ, जडीबुटीचा. मीपन घेतो वर्सभर. दम्यावर पन चालते म्हणालान. इंग्रजी औषाद नाय, झाडपाल्याचा हाय. पाठवतो."

आणि पुडी आली. आमच्याकडे मुंबईहून काही यायचं तर कोणीतरी गावाला यायला लागतं. "कोण येणारा हाय काय?" हा बाबांच्या फोनमधला पहिला प्रश्न असायचा. येणाऱ्याच्या पिशवीत बाबांची पिशवी. त्यात आईला हिंग, मला फरसाण, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती प्लॅस्टिकची पुडी. पुडीवर हिरवं पान छापलेलं. कागदावर बाबांचं अक्षर, उजवीकडे पडत चाललेलं: सुशांत. सकाळी १ चमचा. मधातून. बाबा.

चार दिवसांत माझी धाप गेली. खरंच गेली, थट्टा नाही. मी कातळावरून पळत गेलो, पळत आलो. आईनं देवासमोर साखर ठेवलीन.

त्या पुडीला घरात कोणी औषध म्हणायचं नाही. "बाबांची पुडी घेतलास काय रे?" असं आई विचारायची. आणि खरं सांगू? मी ती दम्यासाठी कमी आणि त्या कागदासाठी जास्त घ्यायचो. सगळे कागद गादीखाली ठेवलेत. दर महिन्याला तीच ओळ. तरी मी प्रत्येक नीट वाचायचो, म्हणजे यावेळी काही जास्त लिहिलंय का बघायला. एकदा लिहिलं होतं: आंबे झाले काय. तो कागद वेगळा ठेवलाय.

*

पहिलं लक्षण काय होतं? कौतुक.

चेहरा गोल व्हायला लागला. गाल वर आले, डोळे आत गेले. गावात मी जन्मभर "काठी" होतो. आता बायका आईला थांबवून विचारायच्या, "काय गो, काय घालतंस पोराला? चंद्र झालाय तोंडाचा!" नंतर कळलं, डॉक्टरही त्याला तेच म्हणतात, मून फेस. आमच्या वाडीच्या बायकांनी निदान फुकट केलं होतं, फक्त त्यांनी ते अभिनंदन म्हणून सांगितलं.

भूक लागायची ती कसली! सहा भाकऱ्या. पण हातपाय काडीच. बसलेलं उठायला गुडघ्यावर हात टेकायला लागायचे. जरा कुठे आपटलं की काळंनिळं. या सगळ्याला मिळून कुशिंग सिंड्रोम म्हणतात, म्हणजे अंगात स्टेरॉईड फार झाल्याची खूण. मला तेव्हा एकच त्रास कळत होता. माझ्या नकला जमेनात. आवाज तोच, पण चेहरा हलेना. नक्कल आवाजात अर्धी असते, उरलेली गालात. कंडक्टर करायला गेलो की गोल कंडक्टर. सरपंच केला की गोल सरपंच. यंदा शिमग्यात मावशी झालो तेव्हा लोक हसले, पण मला बघून हसले, मावशीला नाही. हे हसणाऱ्याला कळत नाही, हसवणाऱ्याला लगेच कळतं.

शिमगा झाला, बाबा मुंबईला परत गेले. मे महिन्याशिवाय गावाला कोणी येणार नव्हतं. एप्रिलात त्यांनी आणलेली पुडी संपली.

"कोण येणारा नाय," बाबा म्हणाले. "येष्टीच्या पार्सलात नको, हरवतात. पंधरा दिवस काढ."

मी आठ काढले. तिसऱ्या दिवसापासून अंग मोडून आलं. पाचव्या दिवशी मळमळ. आई म्हणाली पित्त, कोकमाचं सार पाजलीन. आठव्या दिवशी सकाळी मी रिक्षात बसून चपलांच्या सेलची जाहिरात करत होतो. "लेडीज, जेंट्स आणि किड्स" एवढं म्हटलं. पुढचं रिक्षावाला सांगतो. भोंग्यातून धप्प असा आवाज आला आणि मागून येणारा स्कूटरवाला म्हणाला, "नवीन जाहिरात काय रे ही?"

*

इंजेक्शनचं नाव हायड्रोकॉर्टिसोन. बंद पडलेल्या रसायनाच्या जागी दिलेलं रसायन. दोन तासांत मी डोळे उघडून खिचडी मागितली. म्हणजे निदान बरोबर होतं. पण कारण सापडत नव्हतं. इंजेक्शनच्या आधी काढून ठेवलेलं रक्त तपासलं, तर त्यात कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच. डॉक्टर रोज विचारायचे, आम्ही रोज नाही म्हणायचो. डॉक्टरांना प्रत्येक वाक्याशेवटी "ओके ना?" म्हणायची सवय होती. ती मी दुसऱ्या दिवशीच उचलली. शेजारच्या खाटेवरचे जयगडचे आजोबा हसले, तर सिस्टर म्हणाल्या, "टाके तुटतील त्यांचे, गप बस."

तिसऱ्या दिवशी वॉर्डात केतकी मॅडम आल्या. त्या हॉस्पिटलच्या फार्मासिस्ट. आपण ज्यांना "मेडिकलवाले" म्हणून खिडकीतून चिठ्ठी देतो, त्या. मला वाटायचं यांचं काम म्हणजे डब्यातून काढायचं आणि पिशवीत घालायचं. त्या खुर्ची ओढून बसल्या. औषधाचं नावच काढलं नाही.

"सकाळी उठल्यापासून सांग," म्हणाल्या. "तोंडात काय काय जातं?"

"मिश्री नाही, तंबाखू नाही..."

"ते नाही रे विचारत. सगळं. चहा सुद्धा."

"चहा. त्याच्याआधी बाबांची पुडी. मग भाकरी..."

"थांब. बाबांची काय?"

आई मध्ये पडली. "ती काय औषाद नाय हो. याचे बाबा पाठवतात. मुंबयवरनं. ताकदीची."

मॅडम ओरडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "मावशी, घरी एखादी राहिली असेल तर आणाल का?"

रिकाम्या पुड्या आई टाकत नव्हती. एकीत मोहरी, एकीत सुईदोरा. डब्याच्या तळाला चमचाभर पूड पण निघाली. मॅडमनी पुडी उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. "वाच."

"शंभर टक्के आयुर्वेदिक. दुष्परिणाम नाही. दमा, गुडघा, कंबर, मणका, कमजोरी."

"आता यावर काय नाही ते वाच."

मी उलटी केली, सुलटी केली. कळेना.

"बनवली कोणी? पत्ता नाही. लायसन्स नंबर नाही. आयुर्वेदिक औषधाला पण लायसन्स लागतं, ते काय असंच नसतं. बॅच नंबर नाही, म्हणजे उद्या कोणाला बाधली तर कुठली पुडी परत मागवायची? कधी बनवली, कधी संपते, आत काय काय आहे, काही नाही. तुझ्या फरसाणाच्या पाकिटावर याच्यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं."

खरंच असतं. मी नंतर बघितलं.

मग त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच आवाजात सांगतो, कारण हे वाक्य मी अजून शंभर वेळा केलंय. "सुशांत, स्टेरॉईड वाईट नाही. आत्ता तुला जिवंत त्यानंच ठेवलंय. पण ते मोजून द्यायचं, आणि कमी करत करत थांबवायचं. म्हणून त्याच्या पट्टीवर लाल अक्षरात इशारा असतो, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका. आणि तू सोडलास म्हणतोस तो दम्याचा पंप, त्यात पण थोडंसं तेच असतं, पण ते जवळजवळ सगळं फुफ्फुसापुरतं. या पुडीत बहुतेक चोरून घातलंय. ते तुझ्यासारखं आहे. कॉर्टिसोलची हुबेहूब नक्कल करतं. शरीराला वाटतं, खरा आलाच आहे. मग खरा बनवायचं कशाला? ग्रंथी झोपतात. आणि एक दिवस नक्कल करणारा अचानक निघून जातो."



सवय लागेल म्हणून पंप थर्माकोलमागे ठेवला, आणि जिची खरी सवय लागते ती मधातून चाटली.

आणखी एक गोष्ट तिथेच आठवली, ती लपवत नाही. गेल्या वर्षी एका जडीबुटीच्या तंबूची जाहिरात मी केली होती, डॉक्टरी आवाज काढून. "दमा, मधुमेह, मूळव्याध, एकाच पुडीत आराम!" मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अशी जाहिरात करायला कायद्यानं बंदी आहे, माहितीये? दमा बरा करतो असं भोंग्यावरून सांगायचंच नाही." मला माहीत नव्हतं. चपलांचा सेल आणि हे, मी एकाच दमात करायचो.

राहिलेली पूड औषध निरीक्षक घेऊन गेले. सरकारी प्रयोगशाळेत गेली. काही आठवड्यांनी कागद आला, आत डेक्सामेथासोन. जबरी जातीचं स्टेरॉईड. पण तोवर आम्हाला त्याच्यापेक्षा मोठा घोर लागून गेला होता.

*

पाचव्या दिवशी आईनं बाबांना फोन लावला. दोन दिवस ती त्यांना "पोराला बरा वाटतंय" एवढंच सांगत होती. आज पुडीचं सांगितलीन. फोन स्पीकरवर होता. मग बाबा म्हणाले, "ठावक हाय मला. बाळाकाकाच्या पोरानं परवाच सांगितलान, पुडीनंच झालाय असा लोक बोलतायत. तवाच माजी डबी मोरीत ओतली. पोराच्या जिवावर उठलेली ती मला कशाला?"

आई म्हणाली, "बरा केलात."

मी खाटेवर उठून बसलो. सलाईनची सुई दुखली ती अजून आठवते.

बाबा माझ्याआधी वर्षभर घेत होते. तीन वर्षं. आणि परवा, एका मोरीत, सगळी एकदम. मी ज्या उतारावरून आठ दिवसांत गडगडलो, त्याच उतारावर बाबा उभे होते आणि त्यांना वाटत होतं की आपण प्रायश्चित्त घेतोय.

सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. ते घाईत होते, पण थांबले. "त्यांना सांग, आजच हॉस्पिटल. आजच, ओके ना? सोबत चिठ्ठी लिहून न्यायची, तीन वर्षं स्टेरॉईडची पुडी, अचानक बंद. बाकीचं तिथले डॉक्टर समजतील." आणि दुसऱ्या वॉर्डात गेले.

मी फोन केला. "बाबा, हॉस्पिटलात जा."

"मला काय झालाय? तू बरा हो आधी."

"बाबा, अचानक बंद करायची नसते ती."

"इख हाय म्हणतोस आनि बंद करू नको म्हणतोस? झोप तू. ड्युटी हाय माजी दुपारची."

ठेवला. परत लावला, कट केला. तिसऱ्यांदा मी शेजारच्या आजोबांचा फोन मागितला. घसा साफ केला. आणि डॉक्टर झालो. चार दिवस ऐकलेला आवाज, अगदी तसा.

"हॅलो. मी रत्नागिरीहून डॉक्टर बोलतोय. तुम्ही ताबडतोब अ‍ॅडमिट व्हायचं आहे, ओके ना? तुमची कॉर्टिसोल लेव्हल..."

इतका चांगला आवाज मी कधीच काढला नव्हता. आजोबा तोंड उघडं टाकून बघत होते.

पलीकडून बाबा म्हणाले, "सुशा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कुनाच्या फोनवरनं करतोस मेल्या? देऊन टाक त्याचा त्याला."

वर्षातले वीस दिवस भेटणारा माणूस. माझा आवाज त्यांनी फोनवरच ऐकलेला, मी त्यांचा ऐकला तसाच. आणि हुबेहूब डॉक्टरच्या आत त्यांनी मला एका वाक्यात पकडलं. मग मला दुसरा कुठलाच आवाज काढता येईना, माझाच निघाला.

"बाबा, उठताना डोळ्यापुढे अंधारी येते काय?"

पलीकडून नुसतं खाकरणं.

"सकाळी ओकारी आली?"

बाबा हळूच म्हणाले, "वाईच."

"अंग मोडतंय?"

"सुशा, वय झालाय माजा..."

"बाबा, माझं पण असंच झालं. माझं वय झालं नव्हतं. मी आठव्या दिवशी रिक्षातून पडलो. तुमचा आज तिसरा आहे. तुम्ही ट्रेनमधून पडाल. मग पुडीवर कोण लिहील माझं नाव?"

ते शेवटचं का बोललो माहीत नाही. पुडी तर यायचीच नव्हती आता.

बाबांनी फोन ठेवला नाही. मग ते खोलीतल्या कोणालातरी म्हणाले, "बाळा, शर्ट घाल. दवाखान्यात जायचा हाय. तू पन दाखव. तूबी खातोस ती."

*

त्या दुपारचं वाट बघणं मी जन्मात विसरणार नाही. वेटिंग रूम म्हणजे खुर्च्यांची खोली नसते. ती कुठेही असते. माझी खाट त्या दुपारी वेटिंग रूम होती. आई खिडकीशी उभी, पदर तोंडात. आजोबांनी आपला फोन आईच्या हातात ठेवला होता, "ऱ्हाऊ दे, दोन फोन बरे."

चार वाजता बाळाकाकांचा फोन आला. जिन्यात चक्कर येऊन बाबा बसले होते. टॅक्सीवाला आणि काकांनी मिळून धरून नेलं. ब्लड प्रेशर खाली. चिठ्ठी बघून तिथल्या डॉक्टरांनी तेच इंजेक्शन दिलं, जे मला दिलं होतं. आता शुद्धीवर आहेत आणि चहा मागतायत.

आई खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "चाय दिल्यानी काय? साखर कमी घालतात मेले."

पुढचे पाच दिवस आम्ही दोघं बापलेक दोन गावांत, दोन खाटांवर, दोन सलाईनवर. संध्याकाळी फोन. इतकं आम्ही अख्ख्या आयुष्यात बोललो नव्हतो. ते विचारायचे, "बाटली किती ऱ्हायली?" मी म्हणायचो, "अर्धी. तुमची?" "माजी पाव." "मग जिंकलात." मला वाटायचं मध्ये फक्त एक पडदा आहे आणि सिस्टरनी तो सरकवला की बाबा दिसतील. मी दोनदा मान वळवून बघितलं सुद्धा.

*

बाबा जूनच्या सुरवातीला घरी आले आणि गणपतीपर्यंत राहिले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. मला आठवतंय तेव्हापासून बाबा एवढे दिवस घरात कधीच नव्हते. आईला तर कळेना की या माणसाचं करायचं काय. "अवो, जरा बाजूला व्हा, केर काढायचाय," असं ती दिवसातून चारदा म्हणायची, आणि चारही वेळा गालात हसायची.

सकाळी आठला आम्ही ओटीवर बसून गोळ्या घ्यायचो. पट्टी उलटी करून बाबा मोठ्यानं वाचायचे, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, संपायची तारीख, आरती म्हटल्यासारखं. मग गिळायचे. गोळ्या हळूहळू कमी करायच्या असतात, आठवड्यांनी, महिन्यांनी, मध्ये मध्ये रक्त तपासून. एक इंजेक्शन देऊन ग्रंथी जागी होते का बघतात, त्याला स्टिम्युलेशन टेस्ट म्हणतात. झोपलेल्याला चिमटा काढून बघायचं. माझी पहिल्यांदा जागी झाली नाही. दुसऱ्यांदा कूस बदललीन. तिसऱ्यांदा अर्धवट उठली, म्हणून थोडी गोळी अजून चालू आहे. ताप आला तर गोळी वाढवायची असते, उलटीत पडली तर तडक हॉस्पिटल, आणि खिशात कार्ड ठेवायचं असतं. हे प्रत्येकाला त्याचा डॉक्टर सांगतो. माझ्यावरून तुम्ही ठरवू नका. आणि तुमच्या घरात अशी पुडी असेल तर हे वाचून ती मोरीत ओतू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा. खाताय हे सांगायला लाजू नका. लाजेनं आमच्या घरात दोन खाटा लावल्या होत्या.

बाबा गणपती पोचवून परत गेले. निघताना मी विचारलं, "गुडघे?" म्हणाले, "दुखतात. खरे दुखतात आता. चालेल."

त्यानंतर मुंबईहून पिशवी येते, हिंग असतो, फरसाण असतं. पुडी नसते. खोटं कशाला बोलू, पहिल्या वेळी मी पिशवी उलटी करून झटकली. तो कागद नव्हता.

केतकी मॅडमकडे गोळ्या आणायला जातो. त्या खिडकीतून विचारतात, "तोंडात काय काय जातं?" मी सांगतो, चहापासून. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही म्हणून त्यांची नक्कल त्यांच्यासमोरच करतो. त्या म्हणतात, "गाल गेले रे तुझे. आता जमतंय."

गाल गेले, खरंच. पोटावरचे पट्टे फिके झाले. गेल्या आठवड्यात सकाळी मी ओटीवर बसून गोळी हातावर घेतली होती, पट्टी उलटी करून वाचत होतो. आई विहिरीवरून आली. अंगणातच थांबली. कळशी कमरेवर तशीच.

"अवो," ती म्हणाली, "कवा आलात?"

मी मान वर केली. चेहऱ्यावर मी काही केलं नव्हतं. नक्कल नव्हती. गाल उतरले तसा खालून तो चेहरा निघाला होता, एवढंच.

बाबांचा आवाज माझ्या ओठावर होता. पूर्वी मी तो लगेच काढला असता, आणि ती खो खो हसली असती.

"मी गो आये," मी माझ्या आवाजात म्हटलं. "सुश्या."

"व्हय काय," आई म्हणाली. कळशी खाली ठेवलीन. माझ्या बाजूला बसली, माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत, आणि म्हणाली, "घे गोळी. आठ वाजले."